भिंतीत वीतभर फट

गोलपोस्टाखालचा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी एका फुटबॉल संघाचा गोलकीपर आणि कॅप्टन आहे. संघ आमच्या चर्चच्या तरुण संघातून उभा राहिला. अकरातले आठ ख्रिस्ती, बाकीचे तिघे दोस्तीखातर आलेले. सामन्याआधी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आम्ही गोल करतो आणि मी प्रार्थना म्हणतो. (रिंगणाचा गोल म्हणतोय. दुसरा गोल आमच्या हातून कमीच होतो.)

आमचा लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) चार वर्षं माझ्यासमोर खेळतोय. तो समलिंगी आहे हे दीड महिन्यापूर्वी सगळ्यांना कळलं. कसं कळलं ते सोडा. कोणी त्याला वाईट बोललं नाही, आणि पंचाईत तिथेच आहे. शिवी दिली असती तर कॅप्टन म्हणून कान उपटता आला असता. इथे फक्त दोन पोरं आता घरूनच किट घालून येतात. रिंगणात त्याच्या एका खांद्यावर हात असतो, दुसरा मोकळा.

गेल्या सामन्यात 78 व्या मिनिटाला आमच्या बॉक्सबाहेर समोरच्यांना फ्री किक मिळाली. मी चौघांची भिंत लावली. जवळचा खांब भिंतीनं झाकायचा, लांबचा मी, असा हिशोब. टोकाकडून दुसरा तो, त्याच्याशेजारी आमचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू. स्टॉपर आणि मी संडे स्कूलपासूनचे. त्यानं मधे वीतभर जागा ठेवली. बॉल नेमका त्या फटीतून आला, आणि मला दिसला तेव्हा जवळपास जाळ्यात होता. 1-0 हरलो. ड्रेसिंग रूममध्ये सगळे म्हणाले, कीपर उशिरा पडला.

परतताना स्टॉपरला विचारलं. म्हणाला, "मला त्याचा राग नाही रे. पण चर्चच्या मंडळीत कोणी विचारलं तर काय सांगू?" आता चर्चच्या कमिटीनं कळवलंय की त्याला खेळू द्या, पण प्रार्थनेच्या रिंगणात घेऊ नका.

पवित्र शास्त्रात समलिंगी संबंधांविरुद्ध काही लिहिलेलंच नाही, असं म्हणणाऱ्यातला मी नाही. लेवीय 18 वाचलंय, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचलाय. ते मला पुसून टाकता येत नाही. पण त्याचा भिंतीशी काय संबंध, तेही कळत नाही. स्टॉपरला बसवू? प्रार्थनाच बंद करू? मैदानावर किंवा चर्चच्या बाकावर वर्षं काढलेल्यांनी सांगा. "धर्मच सोडून दे" हा सल्ला मिळाला आहे, धन्यवाद.

जुनी_शिट्टी

बावीस वर्षं कोचिंग केलं, म्हणून आधी भिंतीचं बोलतो. भिंतीत जागा सोडणारा खेळाडू बॉलला घाबरलेला असो की शेजाऱ्याला, मी त्याला बाहेर बसवतो. कारण विचारत नाही. तूही विचारायला नको होतंस. कारण ऐकलंस म्हणून आता त्याच्या श्रद्धेचा न्याय करत बसलायस.

आता दुसरी बाजू. हे प्रकरण वरून लादूनही चिघळतं. जुलै 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमधल्या मॅनली क्लबनं एका सामन्यासाठी समलिंगींना पाठिंबा म्हणून इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी काढली, पण खेळाडूंना आधी विचारलंच नाही. सात जणांनी श्रद्धेचं कारण देऊन ती घालायला नकार दिला आणि सामना सोडला. मॅनली 20-10 असा हरला आणि कोच डेस हॅसलरला जाहीर माफी मागावी लागली. ती त्यानं समलिंगी समाजाचीही मागितली आणि स्वतःच्या खेळाडूंचीही. गंमत म्हणजे 1995 मध्ये आपण समलिंगी आहोत हे उघडपणे सांगणारा इयान रॉबर्ट्स याच क्लबकडून खेळलेला. त्याचा वारसा सांगणारी जर्सी सहज झाली असती. पण गोष्ट कोणी सांगितली नाही, नुसतं कापड वाटलं.

तेव्हा तू भाषण देऊ नकोस. बिल्ले, आर्मबँड काही आणू नकोस. फक्त सरावात रोज दहा मिनिटं भिंत लाव.

बेरियाकर

मी आधीच सांगतो, समलिंगी संबंध हे पाप आहे असं मी मानतो. इथे शिव्या पडतील, पडू देत.

पण 1 करिंथ 6 मधली (पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातली) पाप्यांची यादी लोक अर्धीच वाचतात. त्यात चोर आहेत, लोभी आहेत, दारुडे आहेत, निंदा करणारे आहेत. रग्बीपटू इझ्राएल फोलाऊनं 2019 मध्ये इन्स्टाग्रामवर समलिंगींसह नरकात जाणाऱ्यांची जी यादी टाकली तिच्यातही दारुडे, व्यभिचारी, खोटारडे होते. रग्बी ऑस्ट्रेलियानं त्याचा करार रद्द केला, आणि डिसेंबरमध्ये दोघांनी तडजोड केली. माझ्या मते त्याला काढणं चूक होतं. पण कॅप्टन, ती यादी तुमच्या कमिटीच्या दारावर चिकटवली तर रिंगणात उरणार कोण? लोभी माणसाच्या खांद्यावरचा हात आजवर कोणी काढलाय का?

पौल करिंथकरांच्या त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहितो की बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नाही. कमिटी म्हणेल, हा बाहेरचा नाही, मंडळीतलाच आहे. मग शिस्तीची बाब पाळकांनी त्याच्याशी दार लावून बोलावी. फुटबॉलच्या रिंगणात ती सोडवायची नसते.

एक मात्र आमच्याही बाजूनं ऐका. नोव्हेंबर 2024 च्या अखेरीस इंग्लंडमधल्या क्रिस्टल पॅलेस क्लबच्या मार्क गेहीनं इंद्रधनुषी आर्मबँड घातला आणि त्यावर "आय लव्ह जीझस" लिहिलं. किटवर धार्मिक मजकूर चालत नाही, अशी आठवण फुटबॉल असोसिएशननं क्लबला करून दिली. पुढच्या सामन्यात त्यानं "जीझस लव्हज यू" लिहिलं. कारवाई झाली नाही. मला तो आवडला. त्यानं पट्टाही नाकारला नाही आणि प्रभूलाही. तुमच्या स्टॉपरला तेवढी जागा द्या. शेजारी उभं राहणं म्हणजे सही करणं नव्हे, एवढं त्याला कोणीतरी सांगायला हवं.

अकरावा_नंबर

मी चर्चमध्ये वाढलो, विंगवर खेळलो आणि समलिंगी आहे. पंथातल्या वादावर थोडक्यात बोलतो. "सगळे ख्रिस्ती असंच मानतात" हे खरं नाही. पौलानं त्या यादीत वापरलेल्या, समलिंगींशी जोडल्या जाणाऱ्या "आर्सेनोकोइताय" या ग्रीक शब्दाच्या नेमक्या अर्थावर अभ्यासक अजून भांडतात. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ अशा कृतींना चूक म्हणतो, पण लगेच पुढच्या परिच्छेदात या माणसांना आदरानं, करुणेनं स्वीकारा, अन्यायी भेदभाव टाळा असंही म्हणतो. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्टांनी मे 2024 मध्ये समलिंगी पाळकांवरची बंदी उठवली. चर्च एक नाही, हे तुमच्या कमिटीला माहीत असणारच.

जेसन कॉलिन्सनं 2013 मध्ये एनबीएत (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) खेळत असताना आपण समलिंगी आहोत हे जाहीर केलं, तेव्हा येशूची शिकवण आपण गांभीर्यानं घेतो असंही त्यानं लिहिलं होतं. मी ते वाचून रडलो होतो. जस्टिन फॅशनूचंही सांगतो. 1990 मध्ये जाहीर करणारा पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू. तोही श्रद्धाळू ख्रिस्ती होता. त्याच्या सख्ख्या भावानं, जो स्वतः फुटबॉलपटू होता, त्याला जाहीरपणे दूर केलं. 1998 मध्ये जस्टिननं आत्महत्या केली. घरून किट घालून येणाऱ्या त्या दोन पोरांमुळे एखाद्याचं काय होतं, हे त्यांना कळत नसेल. मला कळतं. मी विंग सोडली तेव्हा सगळ्यांना वाटलं गुडघा गेला.

पण माझा प्रश्न वेगळाच आहे. "कसं कळलं ते सोडा" हे वाक्य तुम्ही का लिहिलंत? त्यानं संघाला स्वतः सांगितलं का?

बेरियाकर

चांगला प्रश्न आहे. मीही त्यावरून घसरून गेलो होतो.

गोलपोस्टाखालचा

चार दिवस इथे आलो नाही. त्या प्रश्नामुळेच.

नाही, त्यानं संघाला सांगितलं नव्हतं. फक्त मला सांगितलं होतं, बसमध्ये, सगळे झोपले असताना. आणि मी बुधवारच्या प्रार्थनासभेत "एका खेळाडूसाठी प्रार्थनेचा विषय" म्हणून मांडलं. नाव घेतलं नव्हतं. लेफ्ट बॅक म्हणालो. आमच्या संघात लेफ्ट बॅक किती असतात?

ख्रिस्ती लोकांना हा प्रकार माहीत असेल. चहाडी करायला लाज वाटते तेव्हा आम्ही प्रार्थनेचा विषय मांडतो. मनात काळजीच होती, हे मी शपथेवर सांगेन. पण स्टॉपरनं सोडलेली फट आधी मीच पाडली होती, आणि इथे येऊन तुम्हाला त्याच्या नावानं विचारत होतो.

काल सरावाआधी त्याला गाठलं, माफी मागितली. तो बराच वेळ मोजे ओढत बसला. म्हणाला, "मला माहीत होतं. दुसऱ्या कोणाला सांगितलंच नव्हतं मी." दीड महिना त्याला माहीत होतं आणि तो माझ्यासमोर खेळत होता.

कमिटीला लिहून दिलंय की तो रिंगणात नसेल तर प्रार्थना मी म्हणणार नाही, त्यांनी दुसरा शोधावा. उत्तर आलेलं नाही. स्टॉपरला बसवलं नाही. जुनी_शिट्टी, तुमचं ऐकून भिंत लावली, वीस वेळा. पहिल्या सात-आठ वेळा फट होतीच. मग एक बॉल सरळ स्टॉपरच्या पोटात बसला, तो वाकला आणि आधाराला शेजारचा खांदा धरला. सगळे हसले, तोही हसला. पुढच्या वेळी हात तिथेच होता की नाही, हे मागून मला नीट दिसलं नाही. बॉल मात्र आत आला नाही.

घरी निघताना लेफ्ट बॅकनं एवढंच सांगितलं, "रविवारी मला टोकाला लाव. तिथून मला धावत सुटता येतं."

जुनी_शिट्टी

टोकाला सर्वांत उंच खेळाडू हवा. त्याची उंची किती?