फिन्सलरच्या कन्फॉर्मल बदलात गुणक दिशेवर का अवलंबून नसतो?

चोपडा, एमएस्सी दुसरं वर्ष
नमस्कार. प्रोजेक्टला फिन्सलर भूमिती घेतली आहे, म्हणजे जिथे लांबी मोजणारं फलन एफ दिशेप्रमाणेही बदलतं. इथे एफपासून येणारा मेट्रिक टेन्सर जी-आय-जे बिंदूसोबत दिशेवरही, म्हणजे वायवरही, अवलंबून असतो. मग कन्फॉर्मल बदल, म्हणजे जी एका गुणकाने गुणणारा बदल, करताना एफला ज्याने गुणायचं तो ई घात सिग्मा फक्त बिंदूचा का? दिशेप्रमाणे बदलणारा गुणक घेतला तर काय बिघडतं? पुस्तकात एका ओळीत उरकलंय.

अमळनेर, निवृत्त प्राध्यापक
ताई, प्रश्न मुळावरचा आहे. घेऊन बघा, शेवटी तो बिंदूपुरताच उरतो. गणिती क्नेबेलमनने 1929 मध्येच हे दाखवलं.

कागद घ्या. नवा जी म्हणजे फाय गुणिले जुना जी; फाय हा एफच्या गुणकाचा वर्ग, आणि तो बिंदू एक्स व दिशा वाय दोन्हींचं फलन. वाय-केने आंशिक विकलन करा. डावीकडे नव्या कार्टन टेन्सरची, म्हणजे जीच्या वाय-विकलनाच्या निम्म्याची, दुप्पट. उजवीकडे जुन्याची दुप्पट गुणिले फाय, आणि एक जादा पद: फायचं विकलन गुणिले जी-आय-जे. आता वाय-आयने कॉन्ट्रॅक्ट करा, म्हणजे गुणून आयवर बेरीज घ्या. एफ वायमध्ये पहिल्या घाताचा समघाती आहे, त्यामुळे दोन्ही कार्टन टेन्सर गळून पडतात. उरतं फायचं विकलन गुणिले खालच्या निर्देशांकाचा वाय-जे, बरोबर शून्य. वाय शून्य नसताना वाय-जे शून्य होत नाही, म्हणजे फायचं विकलनच शून्य! इतक्या थोडक्यात इतकं मोठं विधान. वर्गात शिकवताना दरवेळी मी खडू ठेवून क्षणभर फळ्याकडे बघत राहायचो.

एक अट विसरू नका: नवा जीसुद्धा कुठल्यातरी एफपासूनच आलेला हवा. ती सोडली तर सिद्धता उभी राहत नाही.

मुक्ताईनगर
चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर होडी बघा. पाण्याला ओढ असली की जाण्या-येण्याचा वेळ वेगळा; हा वेळ मोजणारा एफ म्हणजे रँडर्स मेट्रिक. होडीचा वेग आणि ओढ दोन्ही निम्मे झाले तर प्रत्येक दिशेला वेळ दुप्पट लागतो, हा कन्फॉर्मल बदल. पुरात नुसती ओढ वाढली तर तो कन्फॉर्मल नाही.

चोपडा
सर, समजलं! म्हणजे अल्फा (साधी रीमानीय लांबी) अधिक बीटा (दिशेत रेषीय असलेला भाग) हा रँडर्स मेट्रिक बदलानंतरही रँडर्सच राहतो?

अमळनेर
हो. अल्फा आणि बीटा दोघांनाही तोच गुणक लागतो, म्हणून अल्फाने मोजलेली बीटाची लांबी तीच राहते आणि ती 1 पेक्षा कमी असण्याची अटही टिकते. जिओडेसिक, म्हणजे जवळच्या बिंदूंमधले सर्वात छोटे मार्ग, मात्र साधारणपणे बदलतात. त्यांच्या समीकरणातल्या गुणांकांमध्ये, म्हणजे स्प्रेमध्ये, सिग्माचा ग्रेडियंट येतो, आणि त्याचा निर्देशांक वर नेताना दिशेवर अवलंबून असलेला जी वापरावा लागतो. खरी मेहनत तिथे आहे. प्रोजेक्टचा पुढचा भाग तिथूनच सुरू करा.