एकट्याने पूल खेळताना आपली पातळी कशी ओळखावी?

कर्वेनगरी:
आमच्या भागातल्या पूल पार्लरमध्ये (पूल म्हणजे टेबलवर क्यूने, म्हणजे काठीने, बॉल पॉकेटात घालायचा खेळ) दुपारी टेबल निम्म्या भाड्यात मिळतं, म्हणून तेव्हाच जातो. जोडीदार नाही. स्वतःच ब्रेक मारायचा, म्हणजे रचलेले बॉल फोडायचे, आणि स्वतःच पुन्हा रॅक लावायचा, म्हणजे ते रचायचे. कधी वाटतं हात बसला; दुसऱ्या दिवशी समोरचा सरळ बॉलही पॉकेटच्या तोंडावर खडखडून बाहेर येतो. हार-जीतच नाही, तर सुधारतोय की नाही हे कळायचं कसं?

आठनंबरी:
एकट्याने नाही कळत. स्पर्धेत नाव द्या. दडपणाखाली हात किती टिकतो, तीच खरी पातळी.

निळा खडू:
आठनंबरींचा दडपणाचा मुद्दा मान्य, पण एकट्याने कळतं. उलट जास्त स्वच्छ कळतं. समोरच्याला हरवलंत तर तुम्ही चांगले खेळलात की त्याचा दिवस वाईट होता, हे उलगडत नाही. फक्त मोजायचं काय ते आधी ठरवा.

घोस्टशी, म्हणजे कल्पनेतल्या प्रतिस्पर्ध्याशी, मॅच खेळा. तीन बॉल टेबलवर पसरा, पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा बॉल, हवा तिथे ठेवा आणि नंबराच्या क्रमाने घाला. तिन्ही गेले तर गेम तुमचा. एक चुकला किंवा पांढरा पॉकेटात गेला, की गेम घोस्टचा. आधी सात गेम जिंकेल त्याची मॅच. सहज जिंकायला लागलात की चार बॉल, मग पाच. ज्या आकड्यावर मॅच अटीतटीची होते, ती तुमची आजची पातळी. ब्रेक मारून, मग पांढरा हवा तिथे ठेवून नऊ बॉलला घोस्टला नेहमी हरवणारा खेळाडू कुठल्याही क्लबात भारीच म्हणायचा.

दुसरी चाचणी सरळ शॉटची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात प्रामाणिक. बॉल आणि पॉकेट एका रेषेत ठेवा, पांढरा त्याच रेषेवर मागे. गेला तर पांढरा थोडा मागे न्या, चुकला तर थोडा पुढे आणा. थोड्या वेळाने तो एका अंतराभोवती घुटमळायला लागतो. ते अंतर टेबलच्या कडेवरच्या डायमंडनी, म्हणजे समान अंतरावरच्या खुणांनी, मोजून वहीत लिहा. महिन्याभराने ते वाढलं का, बघा.

बॉल गेला एवढ्यावर खूश होऊ नका. सरळ स्टॉप शॉटमध्ये पांढरा धडकेच्या जागी थांबायला हवा. तो तिथेच भोवऱ्यासारखा फिरत राहिला, तर टिप, म्हणजे क्यूचं टोक, मध्यावर लागलेली नाही. पांढऱ्याऐवजी पट्ट्याचा बॉल घ्या, पट्टा उभा करून शॉटच्या रेषेत लावा आणि मारा. मध्यावर लागला तर पट्टा सरळ धावतो, बाजूला लागला तर डगमगतो. मनगट वळतं की खांदा, हे मग शोधता येतं. नुसत्या ‘आज हात नाही’ने काहीच हाती लागत नाही.

कर्वेनगरी:
आमच्या टेबलचे पॉकेट मोठे वाटतात. मग आकडे फसवे नाहीत का?

निळा खडू:
कोपऱ्याच्या पॉकेटच्या तोंडात दोन बॉल शेजारी-शेजारी ठेवून बघा. एक बॉल सव्वादोन इंचांचा, म्हणजे दोन मिळून साडेचार. स्पर्धेच्या टेबलचं तोंड त्याच्याच आसपास असतं. दोन बॉल ठेवूनही बोटभर फट उरत असेल तर पॉकेट सैल आहे. आकडे फसवे नाहीत, पण ते त्याच टेबलपुरते. सात फुटी टेबलवरचा आकडा नऊ फुटीवर मिरवू नका. टेबल बदललं की वहीत नवं पान.

आठनंबरी:
यात एक भर. पार्लरच्या क्यूची टिप बरेचदा घासून सपाट, गुळगुळीत झालेली असते, खडू धरतच नाही. दरवेळी वेगळा क्यू हाती आला तर मोजणार काय? गोल टिपचा एक सरळ क्यू निवडा, पार्लरवाल्याला सांगून तोच बाजूला ठेवायला लावा आणि मग घोस्टशी खेळा. चार बॉलला जिंकायला लागलात की इथे लिहा, मी खरोखर वाट बघतो.