लॅपटॉप टीव्हीला जोडला. चित्र येतं, आवाज नाही

महालकर:
विंडोज ११ चा लॅपटॉप, ४३ इंची टीव्ही, ५ मीटरची एचडीएमआय केबल. सिनेमा टीव्हीवर दिसतो, आवाज लॅपटॉपातूनच येतो. कडाही कापल्या जातात, सबटायटलची खालची ओळ अर्धीच. बर्डीच्या बाजारातून दुसरी केबल आणू का?

धरमपेठ_०७:
कायले खर्च करता भाऊ! चित्र स्वच्छ येतंय ना, मग केबल बरी आहे. आवाजही तिच्यातूनच जातो. टास्कबारवरच्या स्पीकरवर क्लिक करा, आवाजाच्या पट्टीशेजारचा बाण दाबा, यादीतून टीव्ही निवडा. प्लेअर आधीच उघडा असेल तर बंद करून पुन्हा लावा, काही प्लेअर जुन्याच स्पीकरला चिकटून राहतात.
कडांचा दोष टीव्हीचा. तो चित्र किंचित फुगवतो, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. रिमोटवरून पिक्चर साइझमध्ये जा: एलजीत ‘जस्ट स्कॅन’, इतरांत ‘फुल पिक्सेल’ किंवा ‘फिट’ असं काहीतरी.

वायरमन_नागपूर:
विंडोज आणि पी एकत्र दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ करा, म्हणजे टीव्हीचं पूर्ण रिझोल्यूशन मिळतं. टीव्ही फोर-के असून माउस अडखळत असेल तर लॅपटॉपचं पोर्ट एचडीएमआय १.४ असेल, ते फोर-के ३० हर्ट्झलाच देतं, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. बहुतेक सिनेमे सेकंदाला २४ फ्रेमचे, तेव्हा बघायला अडचण नाही.
मे महिन्यात झाकण लावून चालवू नका, बऱ्याच लॅपटॉपांची गरम हवा बिजागरीजवळूनच निघते.

महालकर:
आवाज आला! आता ओटीटीवर नुसता काळा पडदा.

वायरमन_नागपूर:
मध्ये स्प्लिटर (एक सिग्नल दोन पडद्यांना वाटणारी डबी) आहे? काढा. एचडीसीपी, म्हणजे कॉपी रोखणारं संरक्षण, न जुळल्यास असंच होतं.