रोडरनर्सची ग्रुप तिकिटं घ्यायची का? (आणि डोम भरणार कधी?)

प्रेषक: मीनल (कार्यकारिणी)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या कार्यक्रमासाठी हॉल शनिवार 19 सप्टेंबर 2026 चा मिळाला आहे. चतुर्थी सोमवारी, 14 तारखेला येते, म्हणजे लगेचचाच शनिवार. डिपॉझिट भरून झालं आहे, तेव्हा तारखेवर चर्चा नको, ही हात जोडून विनंती.

दुसरा विषय. यंदा फॉल पिकनिकऐवजी मंडळातर्फे यूटीएसएच्या, म्हणजे आपल्या सॅन अँटोनियोतल्या युनिव्हर्सिटीच्या, अमेरिकन फुटबॉल संघाच्या (रोडरनर्सच्या) एखाद्या होम गेमला जावं अशी सूचना आली आहे. ग्रुप तिकिटं बरीच स्वस्त पडतात, आणि डोममध्ये (अलामोडोम, त्यांचं बंद छताचं स्टेडियम) एसी असल्यामुळे भारतातून आलेल्या आई-बाबांनाही त्रास नाही. ऑक्टोबरमधला एखादा शनिवार बघू. कोण कोण येणार ते रविवारपर्यंत कळवा. फक्त 'आम्ही इतके' एवढं लिहा, निबंध नको.

मीनल

---

प्रेषक: संजय

मीनल,

तारखेवर चर्चा नको म्हणालीस म्हणून नुसती माहिती देतो. 19 सप्टेंबरला यूटीएसएची मॅच ऑस्टिनला आहे, लाँगहॉर्न्सशी, म्हणजे यूटी ऑस्टिनच्या संघाशी. आरती आणि मॅच एका वेळेला आली तर निम्मी पुरुषमंडळी पार्किंग लॉटमध्ये फोनला चिकटलेली सापडतील. मी त्यांच्यात नसेन, कारण मला निकाल आत्ताच माहीत आहे. लाँगहॉर्न्स जिंकले, 2022 ला 41-20, 2024 ला 56-7. त्या 56-7 च्या मॅचमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) क्विन युअर्सला दुखापत झाली म्हणून आर्च मॅनिंगला उतरवला, आणि त्या बदली पोरानं 67 यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला. बदली पोरानं!

ग्रुप तिकिटं स्वस्त आहेत कारण ती खपत नाहीत. अलामोडोममध्ये 64 हजार माणसं मावतात आणि एरवीच्या मॅचला वरचा मजला ओस पडलेला असतो. गेले दोन्ही सीझन 7-6, म्हणजे सात विजय, सहा पराभव. 'उगवता संघ', 'उगवता संघ' हे मी पाच वर्षं ऐकतोय. इतका वेळ उगवतोय, एव्हाना दुपार व्हायला हवी होती.

संजय
(हुक एम, लाँगहॉर्न्स!)

---

प्रेषक: सुहास

संजय,

वरचा मजला ओस असतो हे तुझं म्हणणं शंभर टक्के खरं. तो ओस का असतो, एवढंच सांगतो. मीनल, निबंध होणार आहे, डिलीट करायला हरकत नाही.

3 सप्टेंबर 2011. यूटीएसएची पहिलीवहिली मॅच, समोर ओक्लाहोमातलं नॉर्थईस्टर्न स्टेट, म्हणजे कुणी नाव घेऊन भांडावं असा संघ नाही. आणि डोममध्ये माणसं किती, तर 56,743. नव्या कॉलेज संघाच्या पहिल्या मॅचला तोवर कुठेही एवढी गर्दी झाली नव्हती. कोच होते लॅरी कोकर, ज्यांनी 2001 ला मायामीला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. सगळं कसं झोकात.

पण ती गर्दी यूटीएसएची नव्हती रे, ती या गावाची जुनी भूक होती. सॅन अँटोनियोनं विक्रीकर भरून हा डोम बांधला, 1993 ला उघडला, तो एनएफएलचा (व्यावसायिक फुटबॉल लीगचा) संघ येईल या आशेवर. संघ काही आला नाही. कतरिना वादळानंतर 2005 ला न्यू ऑर्लिन्स सेंट्स इथे तीन मॅच खेळले आणि परत गेले. देशातलं सातव्या क्रमांकाचं शहर, आणि फुटबॉल बघायचा तर ऑस्टिन नाहीतर डॅलसकडे तोंड करून. अशात कॉलेजच्या पोरांनी 2007 ला मतदान करून स्वतःचीच फी वाढवून घेतली, त्यातून हा संघ उभा राहिला. मत देणारी कितीतरी पोरं पहिल्या मॅचच्या आधीच पदवी घेऊन गेलीसुद्धा. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

कुतूहलाची गर्दी फार टिकत नाही. 2018 ला 3-9 झालं, 2019 ला 4-8, आणि डोममध्ये स्पीकरचाच आवाज घुमायला लागला.

मग 2020 ला जेफ ट्रेलर कोच म्हणून आला. पूर्व टेक्सासमधल्या गिल्मर गावचा एकेकाळचा हायस्कूल कोच, तीन स्टेट चॅम्पियनशिप जिंकलेला. त्याच्या आधीपासूनच इथली पोरं संघात होती. सिन्सियर मॅककॉर्मिक कन्व्हर्सच्या जडसन हायस्कूलचा, क्वार्टरबॅक फ्रँक हॅरिस शर्ट्झच्या क्लेमन्सचा. पण ही पोरं आपली आहेत हे गावाला पटवून दिलं ट्रेलरनं. जिकडेतिकडे '210', हा आपला एरिया कोड. हॅरिस तर डावखुरा, गुडघ्याची ऑपरेशनं झालेला, आणि 2017 पासून 2023 पर्यंत इथेच. लोक त्याच्यासाठी यायचे.

नोव्हेंबर 2021 मधली यूएबीविरुद्धची मॅच ज्यांनी डोममध्ये बसून पाहिली त्यांना विचार. आपण तोवर सगळ्या मॅच जिंकलेल्या. 31-27 नं मागे, बॉल अगदी गोल लाइनपाशी, घड्याळात सेकंद मोजायचे उरलेले. हॅरिसनं फेकलेला बॉल हाताला लागून उडाला आणि ऑस्कर कार्डेनासनं तो हवेतच धरला. 34-31. माझ्या पुढच्या रांगेत एक आजीबाई होत्या, नातवाचा नंबर असलेली जर्सी घातलेल्या; त्यांनी शेजारच्या संपूर्ण अनोळखी माणसाच्या टोपीवरून नाचोज सांडले, आणि तो माणूस त्यांनाच मिठी मारत होता. त्याच सीझनला कॉन्फरन्सची (आपण ज्या कॉलेजांच्या गटात खेळतो त्याची) फायनल इथे झाली तेव्हा 41 हजारांवर लोक होते.

तर जिंकलं की गर्दी होते, हे खरं, पण अर्धंच. 2023 ला टेक्सास स्टेट इथे खेळायला आलं. आदल्याच आठवड्यात आपण ह्यूस्टनकडून हरलो होतो. तरी लोक 49 हजारांवर! कारण त्यांचं सॅन मार्कोस इथून 50 मैलांवर. त्यांचे लोक आय-35 हायवेवरून दुपारीच खाली आले, आणि आपले लोक 'त्यांच्यासमोर रिकाम्या खुर्च्या दिसायला नकोत' म्हणून आले. ऑफिसात शेजारच्या क्युबिकलमध्ये विरोधी संघाचा माणूस बसलेला असला की तिकिटं आपोआप खपतात.

आणि आपली कॉन्फरन्स बघ. टेंपल फिलाडेल्फियाचं, फ्लोरिडा अटलांटिक बोका रटोनचं, शिवाय शार्लट, ईस्ट कॅरोलायना. तिथून कोण कशाला येईल? गाडीनं येण्याजोगे म्हणजे राइस, नॉर्थ टेक्सास, फार तर टुलेन आणि टल्सा. आर्मी-नेव्ही आले की इथल्या लष्करी तळांमुळे डोमला थोडी जान येते, तेवढंच.

मीनल, आमची चार तिकिटं धर.

सुहास

---

प्रेषक: ऋता

नमस्कार,

मी यूटीएसएत मास्टर्स करतेय. (आता यूटी हेल्थ या इथल्या मेडिकल युनिव्हर्सिटीशी विलीनीकरण झाल्यापासून अधिकृत नाव यूटी सॅन अँटोनियो आहे, पण आम्ही सगळे यूटीएसएच म्हणतो.) विद्यार्थ्यांच्या बाजूनं थोडं लिहू का?

आम्हाला तिकीट फुकट असतं, तरी माझ्या वर्गातले निम्मे लोक कधी गेलेलेच नाहीत. कॅम्पस लूप 1604 हायवेला, डोम डाउनटाउनला, मध्ये पंधराएक मैल. बहुतेक मुलं घरून येऊन-जाऊन शिकतात, शनिवार-रविवारी काम करतात. ऑस्टिनला हॉस्टेलमधून चालत स्टेडियमला जाता येतं, तसं इथे नाही. गाडी असलेला मित्र, पार्किंगचे पैसे, नाहीतर बस, एवढं सगळं जमलं तर मॅच.

आणि वारांचं काय? मागच्या वर्षी टुलेनची मॅच 30 ऑक्टोबरला होती, गुरुवारी रात्री. टीव्हीला तो वार सोयीचा. शुक्रवारी माझी असाइनमेंट होती, तरी रूममेटनं ओढत नेलं. मला तेव्हा फर्स्ट डाउन म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं. तिनं एवढंच शिकवलं की समोरच्यांचा थर्ड डाउन (बॉल पुढे न्यायची तिसरी संधी) आला की बाकावर उभं राहायचं, किल्ल्या वाजवायच्या आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं. आपलं काही चांगलं झालं की अंगठा आणि करंगळी बाहेर काढून 'बर्ड्स अप' करायचं. आम्ही 48-26 नं जिंकलो. तेच टुलेन पुढे कॉन्फरन्स जिंकून प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत गेलं! ही मॅच शनिवारी असती तर किती लोक आले असते याचा विचार करा.

माझं एक तिकीट. मला राइड मिळेल का कुणाकडून?

ऋता

---

प्रेषक: संजय

सुहासकाका, ऋता,

मजा आली वाचून. पण टुलेनचं पुढे काय झालं तेही लिहा की. प्लेऑफमध्ये ओल मिसकडून (मिसिसिपी युनिव्हर्सिटीकडून) 41-10 नं हरलं. म्हणजे वरच्या दारातून आत सोडतात ते बाहेर कसं काढतात ते दाखवायला.

आणि काका, हॅरिसची गोष्ट गोड आहे, पण पुढचा हॅरिस टिकेल का? झकारी फ्रँकलिन घ्या. यूटीएसएचा तोवरचा सगळ्यात यशस्वी रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारा), 2022 चा सीझन संपला आणि तो ओल मिसला गेला. आता तर 2025 पासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा साडेवीस मिलियन डॉलर्स. मोठी कॉलेजं त्या मर्यादेला जाऊन भिडणार. आपल्यासारख्यांनी वाढवायचं आणि त्यांनी उचलून न्यायचं. चेहराच दर वर्षी बदलला तर त्या आजीबाई कुणाचा नंबर घालून येणार?

शिवाय टेक्सास स्टेट जुलै 2026 पासून पॅक-12 या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये. 2024 ला पॅक-12 नं यूटीएसएकडे विचारणा केली होती, तेव्हा आपण मेंफिस, टुलेन आणि साउथ फ्लोरिडाबरोबर आहे तिथेच राहिलो. आणि मागच्या सप्टेंबरात त्याच टेक्सास स्टेटनं आपल्याच डोममध्ये येऊन 43-36 नं हरवलं. पन्नास मैलांवरचा शेजारी पुढे निघून गेला काका.

संजय

---

प्रेषक: सुहास

संजय,

पैशाचं तुझं म्हणणं मान्य, त्यावर माझ्याकडे तोड नाही. कोणाकडेच नाही. ट्रेलरचा करार 2031 पर्यंतचा आहे, तो राहिला तर निदान कोचचा चेहरा तरी ओळखीचा राहील.

पॅक-12 बद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ओरेगन, वॉशिंग्टनसारखी बडी मंडळी तिथून केव्हाच गेली. राहिलेल्या पॅक-12 मध्ये जाऊन आपल्याला काय, तर दूरच्या पुलमन आणि फ्रेझ्नोचे दौरे. त्यानं डोममध्ये माणूस वाढत नाही. टीव्हीचे पैसे थोडे जास्त आले असते, हे खरं.

माझा खरा मुद्दा डोमच्या आकाराचा आहे. 30 हजार लोक 64 हजारांच्या जागेत बसले की टीव्हीवर रिकामं दिसतं, आणि तिकीट काढायची घाई कुणालाच नसते. मॅचच्या दिवशी सकाळी उठून ठरवलं तरी चालतं. बॉइसी स्टेट बघ. निळं मैदान, 36 हजारांचं स्टेडियम, आणि नाव देशभर. जेम्स मॅडिसन तर मागच्या वर्षी प्लेऑफला गेलं ते 25 हजारांच्या स्टेडियममधून. लोकांना जागा मिळणार नाही अशी धास्ती वाटली पाहिजे. सीझन तिकिटाची सवय त्या धास्तीतून लागते. आपल्या डोमला ते कधीच जमणार नाही, आणि डोम शहराच्या मालकीचा, कॉलेज तिथे भाडेकरू. भाडेकरूनं भिंती हलवायच्या नसतात. आता स्पर्स या बास्केटबॉल संघाचं नवं अरीना डोमजवळच्या हेमिसफेअरला येणार. नोव्हेंबरात दोन्हीकडे एकाच दिवशी खेळ आले की पार्किंगचं काय होईल देव जाणे.

म्हणून मला वाटतं 60 हजारांची भाषाच सोडावी. वरचा मजला पडदे लावून बंद करा, फक्त टेक्सास स्टेटसारख्या मॅचला उघडा. खालचा भाग नोव्हेंबरातल्या मरगळलेल्या मॅचलाही भरायला लागला तर वाढ झाली म्हणायचं. ते होईल का? मला वाटतं होईल, पण सावकाश, कारण यूटीएसएची पोरं गाव सोडून जात नाहीत. यूएसएए, व्हॅलेरो, एच-ई-बी, इथल्या कुठल्याही कंपनीत जा, तीच भेटतात. 2011 ला फ्रेशमन असलेली आता तिशी ओलांडून आहेत, त्यांची मुलं खांद्यावर बसून मॅच बघण्याच्या वयाची. तुझ्या लाँगहॉर्न्सकडे आजोबा-पणजोबांपासूनचे प्रेक्षक आहेत. इथे पहिली पिढीच आत्ता कुठे बाप झाली आहे.

आणि हो, जाहीर होणारा आकडा हा वाटलेल्या तिकिटांचा असतो, दारात स्कॅन झालेल्यांचा नव्हे. तेव्हा कुठल्याच आकड्यावर फार भांडू नये, तुझ्याही आणि माझ्याही.

ऋता, तुला आमच्या गाडीत जागा आहे. तुझ्या काकू पराठे घेऊन निघणार होत्या, पण ते आत नेऊ देत नाहीत, गाडीतच संपवावे लागतील.

सुहास

---

प्रेषक: वैशाली

मीनलताई, आमची पाच. पण तीन प्रश्न.

1. डोममध्ये पारदर्शक पिशवीच चालते ना? माझी नेहमीची पर्स मागच्या कॉन्सर्टला दारातून गाडीत परत ठेवून यावी लागली होती, पाय मोडले.

2. धाकटीला आवाजाचा त्रास होतो. बंद छताखाली तो थर्ड डाउनचा आरडाओरडा म्हणजे कठीण आहे. कानावर लावायचे मोठे हेडफोन आणणार आहे, पण बसायला एन्ड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या) कोपऱ्यात मिळालं तर बरं, बँडपासून लांब.

3. सासूबाई विचारतायत मॅच किती तास चालते. मी साडेतीन सांगितलं. त्या म्हणाल्या, 'तेवढ्यात सत्यनारायण दोनदा होतो.' पण येणार आहेत.

वैशाली

---

प्रेषक: मीनल (कार्यकारिणी)

मंडळी,

'निबंध नको' लिहिलं होतं याची नोंद घ्यावी. असो.

ठरलं ते असं. मॅच शनिवारचीच घ्यायची, गुरुवार-शुक्रवार नाही, मुलांची शाळा असते. समोरचा संघ राइस किंवा नॉर्थ टेक्सास असेल तर उत्तम, कारण ह्यूस्टन आणि डॅलसच्या मंडळांनाही विचारता येईल. दोघांचेही होम शनिवार जमले नाहीत तर जो मिळेल तो. जागा खालच्या मजल्यावर, कोपऱ्यात, बँडपासून लांब. पारदर्शक पिशव्या मंडळ घाऊक घेईल. बाहेरचं खाणं आत चालत नाही, तेव्हा मॅचच्या आधी पार्किंगमध्ये आपलं टेलगेट करू: वडापाव, ताक, आणि सुहासकाकांचे पराठे. गॅस शेगडी चालते का ते मी डोमला फोन करून विचारते.

19 सप्टेंबरला आरती संध्याकाळी ठरलेल्या वेळीच होईल. ऑस्टिनच्या मॅचची वेळ टीव्हीवाले जाहीर करतील तेव्हा करोत. हॉलमधला प्रोजेक्टर मुलांच्या नाटकासाठी आहे, त्यावर स्कोअर लावला जाणार नाही. हे दोन जणांनी मला वेगळी मेल करून विचारलं आहे, नावं सांगत नाही.

संजय, तुझी किती धरू? नाही म्हणालास तरी टेलगेटला कॅनोपी तुझ्याकडचीच लागणार आहे. ती भगवी आहे, लाँगहॉर्न छापलेली, माहीत आहे. उलटी घालू.

मीनल