भीमसेन जोशी आणि घरात कन्नड बोलणारी मराठी माणसे

सोलापूरकर:
आमच्या घरात कित्येक पिढ्या कन्नड बोलली जाते. शाळा, बाजार, पत्रव्यवहार मात्र सारे मराठीत. लहानपणी वर्गात आमचे बोलणे कानावर पडले की मुले 'कानडी' म्हणून चिडवत आणि सुटीत विजापूरच्या नातेवाइकांकडे गेलो की तिथे आम्ही 'मराठीवाले' ठरत असू. हा दुहेरी संकोच आमच्याकडे प्रथम सैल झाला तो पंडित भीमसेन जोशी यांच्या दोन कॅसेटींमुळे. आषाढीला नामदेवांचे 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' लागे आणि शुक्रवारी कन्नड संतकवी पुरंदरदासांचे 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा'. त्या पदात, ताकातून लोणी वर यावे तशी ये, असे लक्ष्मीला विनवले आहे. ते कडवे आले की ताक घुसळणारी आजी रवी थांबवून माझ्या आईला, जिचे माहेर मराठी, त्याचा अर्थ सांगे आणि दर वेळी जणू पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा सांगे. पुढे वाड्यातल्या बायकाही अर्थ विचारायला येऊ लागल्या, तेव्हा घरातली भाषा ही लपवायची गोष्ट नाही, हे मला उमगले. हा केवळ आमच्या घरापुरता हळवेपणा आहे, की एका द्विभाषिक गायकामुळे अशा कुटुंबांची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी खरोखरच बदलली?

रंगपटल:
हळवेपणा नक्कीच नाही, परंतु सारे श्रेय एका गायकाला देऊ नये, कारण ही वाट त्यांच्या आधीच मळलेली होती. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आजच्या कर्नाटकातल्या गुर्लहोसूरचे. भीमसेनजींचे गुरू रामभाऊ कुंदगोळकर हुबळीजवळच्या कुंदगोळचे आणि 'सवाई गंधर्व' ही त्यांची ओळख घडली ती मराठी रंगभूमीवर. स्वतः भीमसेनजी 1922 मध्ये जन्मले तेव्हा गदगचा परिसर मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यातच मोडत होता.

मग त्यांनी नवे काय केले? माझ्या मते त्यांनी अभंग आणि दासरपदे (कन्नड हरिदासांची भक्तिपदे) यांना मैफलीच्या शेवटी गायच्या एखाद्या चिजेची जागा न देता 'संतवाणी' आणि 'दासवाणी' असे स्वतंत्र, भरघोस कार्यक्रम केले, आणि त्यासाठी भाषांची खिचडी करण्याची गरज त्यांना कधी भासली नाही. नामदेवांचा विठ्ठल आणि पुरंदरदासांच्या पदांतल्या नाममुद्रेतला 'पुरंदर विठ्ठल' श्रोत्याला एकाच गळ्यातून ऐकू आले, एवढे पुरेसे होते.

तिरकस:
थोडा विरोधी सूर लावतो. महाराष्ट्राने त्यांना 'महाराष्ट्रभूषण' दिले, कर्नाटकाने 'कर्नाटकरत्न' दिले, 2008 मध्ये 'भारतरत्न' जाहीर झाले आणि दोन्हीकडचे लोक 'ते आमचे' म्हणून मोकळे झाले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा सीमावाद मात्र तसूभरही हलला नाही. व्यासपीठावरच्या कन्नडला दाद देणारा रसिक भाजीवालीच्या कन्नडला नाक मुरडतो, हे मी पुण्यात अनेकदा पाहिले आहे. थोर गायकाचा अभिमान बाळगायला काही खर्च येत नाही.

दुसरे असे की 'कन्नड बोलणारे' हा एकजिनसी समाज नाही. पुरंदरदासांची पदे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती, त्या घरांना ती आपली वाटणारच. परंतु सोलापुरातली असंख्य लिंगायत कुटुंबे वचनांवर, म्हणजे शिवभक्तांच्या कन्नड रचनांवर, वाढली आहेत. त्यांना मल्लिकार्जुन मन्सूर यांनी गायलेली वचने अधिक जवळची वाटत असतील, तर त्यांच्या अभिमानाचा धागा वेगळ्याच गळ्याशी जोडलेला आहे. मुख्य म्हणजे, सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले कन्नड वचनकार होते, हे गड्ड्याच्या जत्रेत फिरणाऱ्या किती मराठी माणसांच्या ध्यानात असते?

सोलापूरकर:
तिरकस यांचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आमचे घर वैष्णव, म्हणून आम्हाला दासवाणी भावली. शेजारच्या लिंगायत घरात तीच कॅसेट 'चांगले गाणे' एवढ्यापुरतीच ऐकली जात असे. पहिल्या मुद्द्याबद्दल मात्र एवढेच म्हणेन की मी सीमावादाबद्दल विचारले नव्हते, स्वयंपाकघराबद्दल विचारले होते.

तुकोबांच्या एका अभंगात कानडी बायको मराठी नवऱ्याला 'इल बा', म्हणजे 'इकडे ये', असे हाक मारते आणि तो भलताच अर्थ घेऊन पळ काढतो. आमच्याकडे उलटे होते, नवरा कानडी आणि बायको मराठी, आणि आजी भेटेल त्याला तो अभंग ऐकवून हसत असे. आजी आता नाही. शुक्रवारी ते पद लागले की लोण्याचा अर्थ नातीला आई समजावून सांगते. 'बेण्णे'मधला आखूड ए तिला इतक्या वर्षांनंतरही साधत नाही, त्यामुळे नात तिला मध्येच थांबवते आणि तो शब्द पुन्हा म्हणायला लावते.