सार्वमतात लोक नेमकं कशावर मत देतात?

काठावरचा

सार्वमताचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, लोकांना काय कळतं त्यातलं. ब्रेक्झिटपासून, म्हणजे २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचा कौल दिला तेव्हापासून, तर हे इतक्या वेळा ऐकलंय की आता राहवत नाही, म्हणून हा धागा.

मसुदा वाचून मत द्यायला जाणारे थोडेच असतात हे मला मान्य आहे. पण बाकीचे डोळे मिटून शिक्का मारतात हे साफ चूक. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात विमा सुधारणेचे एकदम पाच प्रस्ताव मतदानाला आले होते, काही विमा कंपन्यांनीच पुढे केलेले, एक वकिलांचा, एक ग्राहकांच्या बाजूचा, आणि सगळे इतके किचकट की भल्याभल्यांना घाम फुटावा. आर्थर लुपिया या राज्यशास्त्रज्ञाने मतदारांची पाहणी केली आणि १९९४ च्या लेखात दाखवून दिलं की ज्यांना तपशील फारसा माहीत नव्हता, फक्त विमा कंपन्या कुठल्या बाजूला आहेत एवढंच ठाऊक होतं, त्यांची मतं नीट माहिती असलेल्यांच्या मतांशी बरीच जुळत होती. पाचातला ग्राहकांच्या बाजूचा तेवढा एक पास झाला. कोण कुणासाठी भांडतंय हे बघून माणूस अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो. डॉक्टर तरी आपण असाच निवडतो ना, औषधशास्त्र शिकून थोडंच निवडतो.

सरळरेषा

डॉक्टरचं उदाहरण इथे लागू होत नाही. औषधाचा गुण आला नाही तर आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येतं, सार्वमताचा निकाल पिढ्यानपिढ्या निस्तरावा लागतो.

आणि अंदाज ज्या माहितीवर बांधायचा तीच खोटी असेल तर? ब्रेक्झिटच्या वेळी बाहेर पडा म्हणणाऱ्यांनी 'आठवड्याला ३५ कोटी पाउंड युरोपला जातात' असं लाल बसवर लिहून ती देशभर फिरवली. हा आकडा दिशाभूल करणारा आहे असं ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानाच्या आधीच सांगितलं होतं, तरी बस फिरतच राहिली. निकाल लागला ५१.९ विरुद्ध ४८.१. बरं, 'बाहेर' म्हणजे किती बाहेर, युनियनच्या सामाईक बाजारात राहायचं का, आयर्लंडच्या सीमेचं काय, यातलं मतपत्रिकेवर काहीच नव्हतं. ज्याने त्याने आपापला अर्थ लावला आणि मग साडेतीन वर्षं संसद त्यावर डोकं फोडत बसली. प्रतिनिधी निवडून देतो ते कशासाठी? ज्याला मधले दहा पर्याय आहेत असा विषय हो की नाही मध्ये कोंबायचाच नसतो.

पारंबी

सरळरेषा, सगळेच विषय दहा पर्यायांचे नसतात. गोव्याचा जनमत कौल आठवा, १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही कळत होतं आपण काय निवडतोय. मतं पडली वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विरुद्ध १,३८,१७०.

पण मला खरं बोलायचंय काठावरचा यांच्याशी. तुम्ही म्हणता लोक बाजू बघून मत देतात. इथे विलीनीकरण हवं म्हणणारे भाऊसाहेब बांदोडकर लोकांचे लाडके मुख्यमंत्री होते, कौल निःपक्ष व्हावा म्हणून त्यांचं सरकार आधी पायउतार झालं, विलीनीकरण हरलं, आणि दोनच महिन्यांनी मार्चमध्ये निवडणूक झाली तर लोकांनी त्यांचाच पक्ष पुन्हा सत्तेवर बसवला! म्हणजे नेता हवाय पण त्याचा हा एक निर्णय नकोय, हे लोकांनी वेगवेगळं करून सांगितलं. निवडणुकीत हे सांगायची सोयच नसते, तिथे माणूस घेतला की त्याच्या सगळ्या मतांसकट घ्यावा लागतो. माझ्या मते सार्वमताचं सगळ्यात मोठं मोल हेच आहे.

खडूफळा

प्रश्न कसा विचारलाय आणि वेळ किती दिलाय यावर कुणीच बोलत नाहीये. ग्रीस, ५ जुलै २०१५, कर्जात बुडालेल्या देशाने कर्ज देणाऱ्यांच्या अटी मानायच्या का यावर सार्वमत. घोषणा झाली आणि आठवड्याभरात मतदान, तेही बँका बंद आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोच निघतायत अशा अवस्थेत. मतपत्रिकेवर काय विचारलं होतं, तर युरोपियन कमिशन, युरोपियन सेंट्रल बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी २५ जूनच्या बैठकीत मांडलेला प्रस्ताव मान्य करावा का, ज्याचे दोन भाग आहेत, आणि पुढे त्या दोन दस्तांची लांबलचक नावं, त्यातला एक कर्जाच्या शाश्वततेचं प्राथमिक विश्लेषण. उत्तराच्या चौकटींत 'नाही' वर आणि 'हो' खाली. नाही ला ६१ टक्के मिळाले आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच सरकारने कर्ज देणाऱ्यांच्या कडक अटी मान्य केल्या. मतदाराला दोष देण्याआधी हा कागद एकदा डोळ्यांसमोर आणा.

उलट स्कॉटलंडमध्ये सरकारला स्वातंत्र्यावरच्या २०१४ च्या सार्वमताचा प्रश्न 'तुम्ही सहमत आहात का की...' असा सुरू करायचा होता, निवडणूक आयोगाच्या सल्ल्यावरून ते शब्द काढले गेले, कारण 'सहमत आहात का' म्हटलं की माणूस हो कडे झुकतो. मतदान झालं ८४.६ टक्के.

काठावरचा

पारंबी, गोव्याचं मान्य, माझं म्हणणं तेवढं दुरुस्त करतो.

सरळरेषा, खोट्या आकड्याचं म्हणाल तर स्वित्झर्लंडचं बघा. तिथे मतदानाच्या काही आठवडे आधी प्रत्येक मतदाराच्या घरी पुस्तिका येते, सरकारची बाजूही त्यात आणि प्रस्ताव आणणाऱ्यांचीही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लग्न झालेल्या जोडप्यांवर पडणारा जास्तीचा कर काढावा असा प्रस्ताव होता, दोघंही कमावणाऱ्या ८०,००० जोडप्यांना याचा फटका बसतो असं सरकारनेच पुस्तिकेत छापलं, प्रस्ताव जेमतेम पडला, ५०.८ टक्के विरोधात. नंतर उघड झालं की जोडपी होती ४,५४,०००. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मतदानच रद्द केलं. म्हणजे चुकीच्या माहितीवर इलाज करता येतो, करायची इच्छा पाहिजे.

आणि लोक गोंधळले की आहे ते राहू द्या म्हणतात, हेही मला शहाणपणाचंच वाटतं. आयर्लंडने मार्च २०२४ मध्ये घटनेतल्या कुटुंबाच्या व्याख्येत 'टिकाऊ नातं' असा शब्द घालायचा प्रस्ताव आणला, टिकाऊ म्हणजे काय ते कुणाला धड सांगता येईना, सगळे मोठे पक्ष हो म्हणत होते तरी दोन तृतीयांश लोकांनी नाही म्हटलं.

निमूट

इतका वेळ वाचत होते, आता लिहिते. तुम्ही सगळे माहितीबद्दल बोलताय, पण मत कुणाचं घेतलं जातंय? त्याच स्वित्झर्लंडमध्ये बायकांना मताधिकार द्यायचा का हे १९५९ मध्ये पुरुषांना विचारलं गेलं आणि ६७ टक्के नाही म्हणाले. त्यांना माहिती कमी होती म्हणून? नाही. त्यांचं काही जाणार नव्हतं म्हणून. १९७१ पर्यंत थांबावं लागलं.

आणि कोलंबिया. २ ऑक्टोबर २०१६, बंडखोरांशी झालेला २९७ पानी शांतता करार हवा की नको. बोहाया नावाचं गाव आहे, २००२ मध्ये चकमक सुरू असताना लोकांनी तिथल्या चर्चमध्ये आसरा घेतला होता आणि बंडखोरांनी डागलेला सिलिंडर बॉम्ब छत फोडून आत पडला, लहान लहान मुलं गेली. त्या गावाने ९५ टक्क्यांहून जास्त मतं कराराच्या बाजूने दिली. देशाने ५०.२ टक्क्यांनी नाही म्हटलं, आणि मतदान ३८ टक्केही झालं नव्हतं. काठावरचा, 'आहे ते राहू द्या' म्हणजे तिथे काय राहू द्यायचं होतं?

काठावरचा

युद्ध. बरोबर आहे तुमचं. करार दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा सही झाली आणि दुसऱ्यांदा लोकांना न विचारता संसदेने मंजूर केला, आणि मी सार्वमताच्या बाजूचा असूनही मला ते बरं वाटलं होतं. ते का बरं वाटलं याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

सरळरेषा

कारण तिथे निवडून दिलेल्या माणसांनी जबाबदारी घेतली. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

पारंबी

घेतली, पण लोकांच्या नाही नंतर. तो नाही आला नसता तर करारात त्यांनी एक ओळ तरी बदलली असती का?