ड्रग डिझाइन शिकायला वावर गहाण टाकायचं का?

अंकलेश्वरी (धागाकर्ता)

भाचीला विचारूनच लिहितोय. ती चोपडा तालुक्यातली, बी.एस्सी. केमिस्ट्री, मार्क चांगले. इंग्लंडातल्या एका विद्यापीठातून तिला केमिकल बायोलॉजी आणि ड्रग डिझाइन या विषयात एक वर्षाच्या एम.एस्सी.ची ऑफर आली आहे. फी, राहणं, व्हिसा, विमान धरून आम्ही हिशेब मांडला तर तो ४० लाखांवर गेला. दाजी म्हणतात, तापीकडचं चार एकर गहाण टाकू. माझं मत, टाकू नये. का ते सांगतो, पटलं नाही तर खुशाल झोडा.

मी जळगावच्या विद्यापीठातून ऑरगॅनिकमध्ये एम.एस्सी. केलं आणि अमळनेरहून रात्रीची गाडी पकडून गुजरातेत अंकलेश्वरच्या केमिकल कारखान्यांकडे आलो. पहिला पगार ११,०००. तेव्हापासून प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये आहे, म्हणजे रेणू कारखान्यात कसा बनवायचा ते बसवण्याच्या कामात. आपल्या औषध उद्योगाचा पाया काय, तर १९७० चा पेटंट कायदा. त्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला होतं. म्हणजे रेणू कुणाचाही असो, तो बनवण्याची वेगळी वाट काढली की तो आपलाच. २००५ ला रेणूवरही पेटंट आलं, पण तोवर आपला हात त्या कामात बसला होता. आजही आपली ताकद रेणू स्वस्तात, टनावारी आणि शुद्ध बनवण्यात आहे, नवा शोधण्यात नाही. रिॲक्टर चालवणारा माणूस उपाशी राहत नाही. 'डिझाइन' करणाऱ्यांच्या खुर्च्या मोजक्या आहेत आणि त्यावर पीएच.डी. झालेले बसलेत.

आता कर्ज. ४० लाख, १० वर्षं, साडेदहा टक्के: हप्ता ५४,००० च्या आसपास. परत आल्यावर पहिल्या नोकरीत हातात तेवढे पडतील? उलट इथे जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येतं, मग पीएच.डी.ला नेट-जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० सरकार देतं. शिकायचे पैसे घ्यायचे की द्यायचे, एवढाच प्रश्न आहे.

---

शिरपूरचा_नाना

भो, इतला पैसा लाईसन तठे भांडाच घसाना शेतस का?

---

अंकलेश्वरी

नाना, काचसामान तर इथेही मीच घासतो. 😄

---

पिपेटवाली

मी धुळ्याची, पुण्यात पीएच.डी. केली, आता बेंगळुरूला. दादा, तुमचा कर्जाचा हिशेब बरोबर आहे. विषयाचा मात्र साफ चुकला.

तुम्ही विचारता, हा रेणू स्वस्तात कसा बनेल. केमिकल बायोलॉजीवाला विचारतो, हा रेणू पेशीत जाऊन नेमका कुणाला चिकटतो, आणि चिकटल्यावर काय बिघडतं. हे दोन वेगळे धंदे आहेत. २०२२ चं रसायनाचं नोबेल आठवा. ते मिळालेल्यांतल्या एक, कॅरोलिन बर्टोझी. बर्टोझीबाईंना जिवंत पेशीवरच्या साखरा बघायच्या होत्या. त्या साखरेला अझाइडचा (तीन नायट्रोजनांचा) चिमुकला हुक लावायचा आणि त्यात चमकणारा रेणू अडकवायचा, अशी कल्पना. अझाइड आणि अल्काइन (कार्बनांचा तिहेरी बंध) जोडायला एरवी तांबं लागतं आणि तांबं पेशीला मारतं. मग त्यांनी अल्काइनच आठ कार्बनांच्या कड्यात कोंबला. ताणलेलं कडं, सुटायला आसुसलेलं, तांब्याविना जुळतं. तुमच्यासारख्या ऑरगॅनिकवाल्याला हे वाचून हात शिवशिवायला हवेत! ही निव्वळ ऑरगॅनिक केमिस्ट्रीच आहे, फक्त फ्लास्कऐवजी पेशीत केलेली.

आणि खुर्च्या मोजक्या वगैरे जुनं झालं. सिंजीन, अरॅजेन, साई लाइफ या कंत्राटी संशोधन कंपन्यांकडे बाहेरच्या कंपन्यांचं शोधाचं काम येतं. माझ्या शेजारच्या बाकावर नंदुरबारचा मुलगा बसतो.

---

अंकलेश्वरी

शोधाचं काम येतं, मान्य. पण रेणू कुठला बनवायचा ते तिकडून ठरून येतं आणि इकडे तो बनवतात. म्हणजे परत मीच, एसीत बसलेला.

---

पिपेटवाली

😀 हे थोडंसं खरं आहे. सगळं नाही.

---

धडगाव_ओपीडी

डॉक्टर आहे, सातपुड्यात काम करतो. इथे हा वाद वाचून हसू पण येतं आणि रडू पण.

आमच्या पावरा-भिल्ल पाड्यांवर सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आजार, घरोघरी ठाऊक आहे. पोर सारखं दुखतंय म्हणून आई पाठुंगळी घेऊन येते, पोराच्या रक्ताची आधी सोल्युबिलिटी टेस्ट, मग इलेक्ट्रोफोरेसिस. आता या आजाराचा इतिहास बघा. लिनस पॉलिंगनं १९४९ साली याला 'रेणूचा आजार' म्हटलं. असं नाव मिळालेला हा पहिलाच. पुढच्या काही वर्षांत कळलं की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं. बस्स, एवढीच चूक. रेणू माहीत, चूक माहीत, जागा माहीत. डिझाइनवाल्यांना याहून सोपं गणित कुठे मिळणार? तरी आम्ही आज देतो काय, तर हायड्रॉक्सियुरिया, जे मूळचं कॅन्सरचं औषध आहे. मग २०१९ ला व्हॉक्सेलोटर आलं. खास याच हिमोग्लोबिनसाठी घडवलेलं. सप्टेंबर २०२४ ला कंपनीनं जगभरातून मागे घेतलं, कारण चाचण्यांत औषध घेणाऱ्यांत दुखण्याचे झटके आणि मृत्यू जास्त दिसले.

आमच्याकडे एकदा दोन महिने हायड्रॉक्सियुरियाच नव्हतं. कुठे, कुणामुळे ते सोडा. सांगायचं एवढंच, आहे ती गोळी पाड्यावर पोचवणारं माणूस जास्त गरजेचं आहे. ४० लाखांत नवा रेणू होत नाही, पण पोचवण्याचं बरंच काही होतं.

---

पिपेटवाली

डॉक्टर, ही पोस्ट वाचून थांबले थोडा वेळ. पण तुमचंच उदाहरण घेऊन भांडते.

व्हॉक्सेलोटर किती नेमकं होतं ते या धाग्यावरच्या केमिस्ट लोकांना सांगायलाच हवं. त्यात एक अल्डिहाइड आहे. हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीच्या टोकाला जे व्हॅलिन असतं, त्याच्या अमाइनशी ते जुळतं. शिफ बेस, बी.एस्सी.च्या पुस्तकातला! त्यामुळे हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, आणि ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोऱ्या करत नाही. रक्ततपासणीत हिमोग्लोबिनचा आकडा वाढला. पण तेव्हाही काही जण विचारत होते की घट्ट धरलेला ऑक्सिजन पेशींना सोडणार कोण? आकडा वाढणं आणि माणूस बरा होणं यात अंतर होतं. ते अंतर बघायला शिकवतो तो विषय केमिकल बायोलॉजी. तुम्ही म्हणता हा विषय फसला. मी म्हणते तो पुरेसा झालाच नाही, आणि ज्यांच्या दारात हा आजार आहे त्यांच्यातलं कुणी त्या टेबलाशी नव्हतं.

आणि गोळी पोचवणाऱ्यांचंच म्हणाल, तर तुमच्या आशाताईंच्या पिशवीत 'छाया' असते ना? पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्याला एक घ्यायची गर्भनिरोधक गोळी. तो सेंटक्रोमनचा रेणू लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेला आहे, १९९१ पासून 'सहेली' म्हणून विकला जातो. कुणीतरी आधी शोधला म्हणून पोचवायला मिळाला.

---

धडगाव_ओपीडी

छायाचं माहीत नव्हतं. ओपीडीतून लिहितोय, रात्री बोलू.

---

फार्मसीचा_मास्तर

एम.फार्म.ला शिकवतो, खान्देशातच, म्हणून कॉलेज सांगत नाही. दोन्ही बाजू एका गोष्टीबद्दल गप्प आहेत: आपल्याकडे 'ड्रग डिझाइन' या नावाखाली प्रत्यक्षात काय चालतं.

पोरगा प्रबंधाला येतो. 'सर, डॉकिंग करतो.' म्हणजे रेणू प्रोटीनमध्ये कसा बसेल याचा संगणकावर अंदाज. ऑटोडॉक व्हिना हे सॉफ्टवेअर फुकट आहे, प्रोटीन डेटा बँक फुकट आहे, लॅपटॉप त्याच्याकडे आहे. रसायनं मागवायची तर पैसे नाहीत, एनएमआर (रेणूची रचना ओळखायची तपासणी) बाहेर पाठवायचा तर सॅम्पलमागे पैसे. मग हळद, अडुळसा, तुळस, गुळवेल, जे हाताला लागेल त्यातले रेणू उचलायचे आणि मिळेल त्या प्रोटीनच्या खळग्यात बसवायचे. किती घट्ट बसला त्याचा उणे ८.९ आकडा आला की पेढे. तो आकडा म्हणजे अंदाज आहे, मोजमाप नाही, हे व्हायव्हात विचारलं की पोरगं माझ्याकडे बघतं आणि मी खिडकीकडे.

हळदीचं तर नावच काढू नका. हळदीतलं करक्युमिन बहुतेक प्रत्येक चाचणीत 'हिट' (काम करतंय असा इशारा) देतं, कारण ते स्वतः चमकतं, प्रोटीनला भलतीकडे चिकटतं, द्रावणात टिकत नाही. २०१७ साली औषध-रसायनाच्या एका मोठ्या नियतकालिकात त्यावर लांबलचक लेख आला आणि त्यानं सगळी हवाच काढली. तरी दरवर्षी दोन प्रबंध हळदीवर असतातच. मी सह्या करतो. (हे लिहिताना लाज वाटते, पण करतो.)

अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामनं तर आता प्रोटीनचा आकारही घरबसल्या दिला, २०२४ चं रसायनाचं अर्धं नोबेल तो बनवणाऱ्यांना मिळालं. माझ्या वर्गात त्यामुळे झालं काय, तर डॉकिंगला आणखी प्रोटीनं मिळाली.

म्हणून अंकलेश्वरी दादा, 'इथेच कर' एवढं म्हणून चालणार नाही. इथे कुठे? जिथे मुलगी स्वतः रेणू बनवेल, स्वतः तपासेल आणि तो काम करत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघेल, तिथे. आयआयटी, आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्था), नायपर (औषधशास्त्राच्या). नायपरला बी.एस्सी.वरून औषध-रसायनाला थेट जाता येत नाही, बी.फार्म. लागतं नाहीतर आधी एम.एस्सी. आमच्यासारख्या ठिकाणी येऊन डॉकिंग करणार असेल, तर त्यापेक्षा गेली इंग्लंडला तर बरं.

---

शिरपूरचा_नाना

मास्तर खरं बोलना! आता मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याचे लोक अर्थ विचारतील.

माझी केळी आहे, कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमाराची लागवड). भाव बऱ्हाणपूरला ठरतो, माझ्या हातात काही नाही. वादळ आलं की एका रात्रीत बाग आडवी. मी पोराला सांगतो, ज्या धंद्याचा भाव दुसरा ठरवतो त्यात वावर टाकू नको. हा ताईंचा धंदा तसाच दिसतो. रेणू तिकडचा, औषध तिकडचं, मागे घेतलं तेही तिकडच्यांनी. दाजींचं वावर मात्र इथलं.

---

पिपेटवाली

नाना, तुमच्या केळीतलंच सांगते. केळ्यात बॅनलेक नावाचं प्रोटीन असतं. विषाणूच्या अंगावरच्या मॅनोज साखरेला ते धरतं, एचआयव्हीच्या सुद्धा. अडचण अशी की ते आपल्या पांढऱ्या पेशींनाही भडकवतं, त्यामुळे औषध म्हणून निकामी. २०१५ साली शास्त्रज्ञांनी त्यातलं एकच अमिनो ॲसिड बदललं, ८४ व्या जागी हिस्टिडिनऐवजी थ्रिओनिन. भडकवणं जवळजवळ गेलं, विषाणूला धरणं राहिलं. उंदरांत फ्लूवर चाललं. बाजारात अजून आलेलं नाही. हे काम झालं अमेरिकेत. केळीचं आगर म्हणवतो आपण!

(केळी खाऊन फ्लू बरा होतो असं कृपया व्हॉट्सॲपवर टाकू नका.)

---

शिरपूरचा_नाना

टाकलं. 😁 भाव वाढला तर सांगतो.

---

भाची_बोलतेय

नमस्कार. जिच्याबद्दल चाललंय ती मीच.

मामा, तीन गोष्टी. एक, माझ्या कॉलेजात एनएमआर मी फक्त पुस्तकात पाहिला. त्या कोर्समध्ये शेवटचे काही महिने लॅबमध्ये प्रोजेक्ट आहे, स्वतः बनवायचं आणि स्वतः मोजायचं. मास्तर म्हणतात तेच मला हवंय. फक्त परदेश बघायचा म्हणून मी निघालेले नाही.

दोन, डॉक्टरांची पोस्ट मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, मग डॉक्टरच का नाही झालीस. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

तीन, आणि हे जरा कडू आहे. तुम्ही ११,००० वर अंकलेश्वरला गेलात तेव्हा हप्त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. आणि याच चार एकरांवर उद्या माझ्या लग्नासाठी कर्ज काढलं असतं, तर तुम्ही धागा काढला असता का? मंडपाला, मानपानाला व्याज लागतच नाही वाटतं. शिकायचं म्हटलं की साडेदहा टक्के आठवतात.

तरीही वावर गहाण टाकू नका, हे नानांना मीच सांगितलं (माझे नाना म्हणजे वडील, शिरपूरचे नाहीत), मामांमुळे नाही. त्या रात्री नाना बांधावर बसून होते, झोपायला आलेच नाहीत, ते मी पाहिलं म्हणून. विद्यापीठाला मेल करून विचारलंय, ऑफर वर्षभर पुढे ढकलता येते का. जॅमचा फॉर्म भरलाय. नंबर चांगला लागला तर आयआयटी, नाही लागला तर पुढच्या वर्षी हेच भांडण याच धाग्यावर.

पिपेटवाली ताई, तुम्हाला एक विचारायचं होतं. ते आठ कार्बनांचं कडं बनवायला किती स्टेप लागतात? मी कागदावर प्रयत्न केला, सहाव्याला अडकले.

---

पिपेटवाली

फोटो काढून पाठव कागदाचा. कुठे अडकलीस ते बघू. सहापर्यंत पोचलीस हेच विशेष आहे.

---

अंकलेश्वरी

लग्नाचं बोललीस ते लागलं. धागा काढला नसता, खरंय.

स्टेपचं मला विचारायचंस ना, ताईंना कशाला? अल्काइन बसवताना ब्रोमीन लावून दोनदा एचबीआर काढायचा, पण बेस कोणता घेतलास ते आधी सांग. आणि जॅमला सेंटर कोणतं टाकलंस? नाशिक असेल तर आदल्या रात्री मी तिथे पोचतो, एकटी येऊ नकोस.

---

भाची_बोलतेय

नाशिकच आहे. एकटीच येणार होते. पण या.